मोडण्यासाठीच दिलेला आर्म

ताईने मोडका आर्म खिडकीशी नेला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला. बोटभर लांबीचा काळ्या प्लॅस्टिकचा तुकडा. रिमोटवर पळणाऱ्या गाडीचं पुढचं चाक यालाच जोडलेलं असतं. मोडला होता तो डाव्या बाजूचा, आणि नेमका खिळीच्या भोकापाशी. गेल्या खेपेलाही डावाच होता. त्याच्या आधीचाही. तिने बाकाखालून पत्र्याचा डबा ओढला आणि जुने मोडके तुकडे काढून नव्याच्या शेजारी ठेवले.

मोडकी वस्तू पाहून ती कशी मोडली हे सांगणं तिचा धंदाच होता. जळलेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून देण्याचं तिचं दुकान. गिऱ्हाईक पंप आणून टेकवायचं आणि साळसूदपणे म्हणायचं, आपोआप बंद पडला. ताई जळकी तार हुंगायची आणि म्हणायची, टाकी कोरडी पडली तरी चालूच ठेवला होतात. मग गिऱ्हाईक छताकडे बघायचं. तिच्याशी खोटं बोलायचं असेल तर माणसाने निदान पंप तरी सोबत आणू नये.

तर हे तुकडे सगळे एकच सांगत होते. डावं वळण घेताना बारक्याचा हात गरजेपेक्षा जास्त फिरत होता आणि गाडी कडेला रचलेल्या टायरांवर आपटत होती. एकदा आपटली तर नजरचूक म्हणावी. पण इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस त्याच टायरावर पुन्हा पुन्हा जाऊन थडकतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. हे नाव पडलं तेव्हा तो खरोखरच काडी होता. आता दुकानाच्या दारातून तिरका होऊन आत येतो, पण नाव काही सुटलं नाही. पाइप बनवणाऱ्या कारखान्यात तो क्रेन चालवायचा. छपराखाली रुळांवरून सरकणारी क्रेन, तिला लटकलेली काचेची केबिन, आणि केबिनमध्ये बारक्या. लोखंडी पाइपांचा जुडगा उचलून शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि लाकडी ठोकळ्यांवर आवाज न करता टेकवायचा. जरा घाई कर म्हणून कुणी ओरडलं तर त्याचं उत्तर ठरलेलं. "खाली माणसं असतात." एवढं म्हणायचा आणि आपल्याच चालीने न्यायचा. हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरी भावजयीने पातेलं जरा आपटलं तरी तो म्हणायचा, "अगं, खाली माणसं असतात." भावजय म्हणायची, "खाली फक्त फरशी आहे."

लहानपणापासून भावाबहिणीची वाटणी ठरलेली. त्याने मोडायचं, तिने जोडायचं. ती घड्याळ, रेडिओ, सायकलचा दिवा, जे हाती लागेल ते उघडून बसायची आणि हा शेजारी टॉर्च घेऊन उभा. लक्ष भलतीकडेच, त्यामुळे उजेड भिंतीवर. "नीट धर," ती खेकसायची. "धरतोय ना," तो म्हणायचा, आणि पुढच्या क्षणी उजेड छतावर. मोठेपणीही वाटणी तीच राहिली. चाळिशी उलटल्यावर बारक्याला रिमोटच्या गाड्यांची बाधा झाली. मातीतून, दगडांवरून, उंचवट्यावरून उड्या मारत जाणारी मोठ्या चाकांची गाडी त्याने घरी आणली, तेव्हा भावजयीने कपाळाला हात लावला. ताईने गाडी उलटी करून तिचं पोट पाहिलं आणि म्हणाली, "बरी आहे. मोडलीस की आण."

त्याचा हात कापायला लागलाय हे ताईला मोडक्या आर्मनी सांगितलं. बाकीच्यांना चहाच्या बशीने सांगितलं. बशी वाजायला लागली, मग कारखान्याच्या डॉक्टरच्या कानावर गेलं, मग तपासण्या झाल्या. नसांचा आजार निघाला. गोळ्या मिळाल्या, आणि बारक्याला केबिनमधून उतरवून कारखान्याच्या फाटकाशी खुर्ची देण्यात आली. ट्रक आला की बटण दाबून आडवा दांडा वर करायचा, ट्रक गेला की खाली करायचा. "तात्पुरतं आहे," बारक्या सगळ्यांना सांगायचा. कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

राहता राहिलं मैदान. जुन्या गोदामांच्या मागे मोकळी जागा होती, तिथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांचे वेडे जमायचे. फावड्याने उंचवटे केलेले, वळणांवर फाटके टायर रचलेले. या सगळ्याचा कारभारी पंक्चर. हा माणूस पूर्वी पंक्चर काढायचा. आता त्याच्याकडे या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, पण दुकान बदललं म्हणून लोक नाव बदलत नाहीत. तिथे बारक्याचा दबदबा होता. त्याची गाडी उंचवट्यावरून उडून चारी चाकांवर अल्लद उतरायची आणि पंक्चर नव्या लोकांना सांगायचा, "हे बघा, क्रेनवाला हात."

आता तोच हात गाडी टायरावर घालत होता. आपटली की बारक्या हसून म्हणायचा, "माती ओली आहे आज." ताईने त्या दिवशी मोडके तुकडे डब्यात परत टाकले, डबा पायाने बाकाखाली सारला आणि पंक्चरच्या दुकानात गेली.

"ॲल्युमिनिअमचे आर्म दे," ती म्हणाली. "मोडणार नाहीत असे."

पंक्चरने डोकं खाजवलं. "देतो. पण ताई, प्लॅस्टिकचा आर्म मोडण्यासाठीच दिलेला असतो. तो मोडतो म्हणून बाकीचं वाचतं. हा मजबूत केलात की मार पुढच्याला बसेल."

"पुढच्याचं पुढे बघू."

तिने आर्म बसवले. चंदेरी, चकचकीत, हातात घेतले तर थंडगार. बारक्या लहान पोरासारखा खूश झाला. दोन सुट्ट्या बऱ्या गेल्या, मग चाकाला फिरवणारा दांडा वाकला. पंक्चरचं खरं ठरलं. ताईने पोलादी दांडे घातले. मग चाकं वळवणारी छोटी मोटर असते, तिचे प्लॅस्टिकचे दाते उडाले. तिने धातूच्या दात्यांची मोटर आणली. गाडी जड झाली म्हणून शॉकअपच्या स्प्रिंगा बदलल्या, स्प्रिंगा कडक झाल्या म्हणून आतलं तेल घट्ट घातलं. एकाला सावरावं तर दुसऱ्याने मान टाकावी. शेवटी अशी वेळ आली की मूळच्या गाडीतलं वरचं रंगीत कवच तेवढं शिल्लक उरलं. गाडी आता कशानेच मोडत नव्हती. टायरावर आपटायची, उलटायची, आणि कुणी उभी केली की चालू लागायची.

पण आपटायची थांबली नाही. आणि मोडत नव्हती म्हणून दर फेरीला आपटायची, ते जास्त दिसायचं. एका सुट्टीला गाडी तिसऱ्यांदा उलटी पडली. पूर्वी लोक हसायचे, चिडवायचे. आता सगळे आपापल्या गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायला लागले. बारक्याने जाऊन गाडी उचलली, रिमोट ताईच्या हातात दिला आणि म्हणाला, "देऊन टाक कुणाला तरी." घरी जाताना तो पुढे पुढे चालत होता. त्याचा उजवा हात त्याने पँटच्या खिशात घातला होता आणि खिसा हलत होता.

ताईने ते पाहिलं. भावावर तिचा जीव होता, आणि हे तिला कधी बोलून दाखवता आलं नव्हतं. वस्तू दुरुस्त करून देणं एवढी एकच भाषा तिला येत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पंक्चरकडे गेली.

जायरो नावाची एक डबी मिळते. काडेपेटीहून लहान. गाडीचं तोंड अचानक भलतीकडे वळलं की तिला कळतं, आणि चालवणाऱ्याला कळायच्या आत ती चाकं उलट दिशेला हवी तेवढी फिरवून गाडी सरळ करते. निसरड्या मातीवर गाडीचा मागचा भाग घसरू नये म्हणून लोक लावतात. हात निसरडा झालेल्यांसाठी ती केलेली नव्हती, पण काम तेच करणार होती.

"त्याला सांगू नकोस," ताई म्हणाली.

"मी पंक्चरवाला माणूस," पंक्चर म्हणाला. "हवा कुठून गेली ते गावभर सांगत नाही." पण डबी देताना त्याने तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून तिने काम केलं. कवचाच्या खिळ्या काढल्या, रिमोटचा संदेश पकडणारी पेटी उघडली, छोट्या मोटरची तार तिच्यातून उपटून डबीत खोचली आणि डबीची तार पेटीत. डबी सपाट बसायला हवी, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड पट्टी कापून खाली लावली. मग चालू करून गाडी हातात उचलली आणि डावीकडे फिरवली. पुढची चाकं आपोआप उजवीकडे वळली. उजवीकडे फिरवली, चाकं डावीकडे. कुणी रिमोटला हात लावलेला नव्हता. ताई दोन मिनिटं तोच खेळ करत बसली. मग बारीक स्क्रूड्रायव्हरने डबीवरचा स्क्रू पिळून जोर वाढवला, वरून काळी टेप गुंडाळली आणि कवच बसवलं.

"काय केलंस?" बारक्याने विचारलं.

"तेल बदललं. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा होता, तो काढला."

"मी म्हणतच होतो. गाडीतच दोष होता."

त्या सुट्टीला गाडी टायरांच्या कडेने अशी गेली, जणू कुणी दोरी आखून दिली होती. उंचवट्यावरून उडाली, सरळ उतरली. पुन्हा उडाली, पुन्हा सरळ. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. पंक्चर ओरडला, "क्रेनवाला हात!" आणि ओरडून झाल्यावर ताईकडे न बघता दुसरीकडे गेला. बारक्या रिमोट छातीशी धरून उभा होता. त्याचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उघडा दिसत होता. ताईला हायसं वाटलं. खोटं का असेना, निदान माणूस हसतोय, असं तिने स्वतःला समजावलं आणि वेळ मारून नेली.

आणि खरंच, घरात फरक पडला. भावजय एकदा पंखा दुरुस्तीला घेऊन आली आणि बाकावर टेकून म्हणाली, "ताई, काय जादू केलीत तुम्ही? फाटकावर बसायला लागल्यापासून हे घरात भिंतीसारखे होते. आता जेवताना बोलतात. काल शीळ घालत होते, बेसूर. मी म्हटलं, घाला, कितीही बेसूर घाला." ती हसली आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने पंख्याचं झाकण काढलं आणि खाली मान घालून तार बघत राहिली.

मग एका दुपारी बारक्या दुकानात आला, तिरका होऊन, आणि आल्या आल्या म्हणाला, "अर्ज दिलाय."

"कसला?"

"क्रेनचा. परत परीक्षा घ्या म्हटलं. बघतील भार उचलून, नेऊन, खुणेवर टेकवून. जमलं तर पुन्हा केबिनमध्ये. परवा आहे."

ताईच्या हातातली तार सुटली आणि गुंडाळी उलगडत बाकाखाली गेली.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर काय म्हणणार? कागद वाचतो तो. मी माझा हात मैदानावर बघतोय ना. तूही बघतेस. गेल्या कितीतरी सुट्ट्यांत एकदा तरी टायराला लागली का गाडी? केबिनमधला दांडा आणि रिमोटवरचं वळवायचं चाक, सारखंच काम आहे. हात बरा झालाय, ताई. गोळीसुद्धा अर्धी केली मी. पुरती घेतली की झोप येते, वर झोपून चालत नाही."

तिने तार गोळा करायला वाकण्याचं निमित्त केलं आणि बाकाखालीच जरा वेळ राहिली. समोर तो पत्र्याचा डबा होता, मोडक्या आर्मचा. तिला पंक्चरचं बोलणं आठवलं. मार पुढच्याला बसेल. पुढचा म्हणजे कोण, हा विचार तिने तेव्हा केला नव्हता.

त्या दिवशी तिने तोंडातून ब्र काढला नाही. उलट मनाची समजूत घालत राहिली की कारखान्याचे लोक काही आंधळे नाहीत, हात कापताना दिसेल, नापास करतील, गोष्ट तिथेच मिटेल. पण या आजाराचे चांगले दिवसही असतात, हे तिला ठाऊक होतं. कधीकधी सकाळभर बशी वाजायची नाही. परीक्षा अशाच दिवशी आली तर?

दुसऱ्या दिवशी भावजयीने दिलेला डबा पोचवायच्या निमित्ताने ती कारखान्याच्या फाटकावर गेली. बारक्या जागेवर नव्हता. आत कुणाला तरी भेटायला गेला होता. दांड्याजवळ उभं राहून तिला शेडचं उघडं तोंड दिसत होतं. वर क्रेन चालली होती. नवा माणूस केबिनमध्ये होता आणि साखळीला टांगलेला पाइपांचा जुडगा हळूहळू पुढे येत होता. एवढं लोखंड हवेत असताना आवाज जवळजवळ काही नव्हता. खाली एक जण जमिनीवर खडूने खुणा करत बसला होता, त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. दुसरा हातमोजे काढून घाम पुसत होता. जुडगा त्यांच्या डोक्यावरून गेला. कुणी वर बघत नाही, कारण वर बसलेल्याचा हात स्थिर आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

"काय बघतेस?" मागून बारक्याने विचारलं.

"काही नाही. डबा आणलाय."

"उद्या या वेळेला मी वर असेन," तो म्हणाला. त्याने डबा घेतला, आणि डब्याची कडी वाजत राहिली. ती त्याला ऐकू आली नसावी. ताईला आली.

संध्याकाळी तिने सांगायचं ठरवलं. पण बारक्या तिच्याही आधी आला, काखेत गाडी आणि हातात एक खोकं. खोक्यात नवे शॉकअप होते. सोनेरी, जाड, पंक्चरकडे काचेत मांडून ठेवलेले असतात ते.

"हे माझ्याकडून गाडीला," तो म्हणाला. "आणि आज मी बसवणार. तू बस नुसती."

तो बाकाशी बसला. जुना शॉकअप काढणं सोपं होतं, ते जमलं. नव्याच्या खालच्या खिळीवर एक इवलीशी पोलादी चकती अडकवायची असते, मधून चिरलेली. चिमट्यात धरायची आणि दाबायची, की खटकन बसते. बारक्याने ती चिमट्यात धरली. चिमटा खिळीपाशी गेला, खिळीच्या अलीकडे गेला, पलीकडे गेला. चकती उडाली.

"चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणाला आणि दुसरी घेतली. तीही उडाली. तिसरी घ्यायला त्याने हात पुढे केला तेव्हा ताईने खोक्यावर हात ठेवला.

"बारक्या, थांब."

तिने गाडी आपल्याकडे ओढली. कवचाच्या खिळ्या काढल्या, कवच बाजूला ठेवलं, काळी टेप नखाने सोडवली.

"ही डबी बघ."

"काय आहे ही?"

तिने सांगितलं. एरवी गिऱ्हाइकाला सांगते तसं, सरळ, एकापाठोपाठ एक. गाडी भलतीकडे वळली की ही ती सरळ करते. गारठा पडायला लागला तेव्हा लावली. तेल बदललं नव्हतं. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा नव्हता.

बारक्याने वाकून डबी पाहिली. रागाने लाल होईल, आरडाओरडा करेल, असं तिला वाटलं होतं; तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"काढ," तो म्हणाला.

तिने काढली. तार पुन्हा जुन्या जागी खोचली, आणि नव्या शॉकअपची राहिलेली चकतीही बसवली. दुकानाच्या मागे बोळ होता, दोन्ही बाजूंना विटांची भिंत. बारक्याने रंगाचे दोन रिकामे डबे नेऊन बोळाच्या मध्ये ठेवले, मधून गाडी जाईल एवढी जागा सोडून. मग मागे आला, रिमोट घेतला आणि त्याचा बंदुकीसारखा घोडा दाबला.

गाडी निघाली ती नागमोडी. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि धाडकन डब्यावर. डबा घरंगळत भिंतीला लागला. ताईने जाऊन तो उभा केला. पुन्हा निघाली. या वेळी भिंतीवर गेली. पुन्हा. पुन्हा. तो थांबेना. विटांचे कपचे उडाले, डब्यांना पोचे आले, आणि गाडीला मात्र काही होत नव्हतं. ॲल्युमिनिअमचे आर्म, पोलादी दांडे, धातूचे दाते, सगळं ताईने डोळ्यांत तेल घालून बसवलेलं. ते कशाला मोडतंय. मोडली असती तर त्याला थांबायला निमित्त तरी मिळालं असतं. प्रत्येक वेळी ती उलटायची, तो जाऊन सरळ करायचा आणि परत येऊन उभा राहायचा.

"बस कर," ताई म्हणाली.

त्याने रिमोट खाली केला. त्याला धाप लागली होती.

"त्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत होतं?"

"पंक्चरला फक्त."

"आणि तो ओरडला, क्रेनवाला हात." बारक्या हसल्यासारखं करून थांबला. "तू मला सांगायचं होतंस, ताई. आर्म मोडायला लागले तेव्हाच सांगायचं होतंस. तुला तर मोडलेलं बघून कळतं."

"कळलं होतं."

"मग?"

तू हसत नव्हतास, हे उत्तर होतं, पण ते आता बोलून दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

"उद्या मी वर चढणार होतो," बारक्या म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. "एखादा चांगला दिवस निघाला असता आणि मी पास झालो असतो. मग परवा. तेरवा. ताई, खाली माणसं असतात."

गाडी तिथेच टाकून तो बोळातून निघून गेला. ताईने गाडी उचलली, माती झटकली, डबे आत आणले. भिंतीच्या विटेवर गाडीने ठोकून ठोकून एक पांढरा खड्डा पाडला होता. तो भरून काढायचं तिच्या मनात आलं आणि मग तिने तो राहू दिला.

परीक्षेच्या दिवशी त्याने अर्ज मागे घेतला. हे भावजयीने येऊन सांगितलं, उभ्या उभ्या, आत न येता. "काय झालं ते मला सांगत नाहीत. तुम्हाला माहीत असेल." ताईने तेही सांगितलं. भावजय ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही लावली नसती तर बरं झालं असतं का काढली नसती तर, मला काही कळत नाही." ती गेली, आणि पंखा न्यायचा विसरली. कितीतरी दिवस तो पंखा दुकानात कोपऱ्यात पडून होता.

सुट्ट्या आल्या आणि गेल्या. बारक्या मैदानावर फिरकला नाही. पंक्चरने एकदा विचारलं, ताईने मान हलवली, त्याने पुन्हा विचारलं नाही. फाटकापुढून जाताना ताईला तो खुर्चीत बसलेला दिसायचा. ट्रक यायचा, दांडा वर जायचा, खाली यायचा. ती हात करायची. तोही करायचा, पण डाव्या हाताने.

हिवाळा संपत आला तेव्हा एका दुपारी दुकानाच्या दारात अंधार झाला. तिने वर पाहिलं. बारक्या तिरका होऊन आत येत होता.

गाडी फळीवर होती, जशी ठेवली होती तशी. एका बाजूला सोनेरी शॉकअप, दुसऱ्या बाजूला जुनाच. त्याने ती काढून बाकावर ठेवली, कवचावरची धूळ फुंकली आणि म्हणाला, "ती डबी कुठे आहे?"

"आहे."

"लाव परत."

ताईने त्याच्याकडे पाहिलं.

"मी पंक्चरला सांगणार आहे, सगळ्यांना सांग म्हणून," तो म्हणाला. "डबी आहे, गाडी डबी चालवते, मी नुसता मागे उभा असतो. पण निदान उभा तरी राहीन कुठेतरी. फाटकावर बसून बसून पाठ गेली."

तिने खण उघडला. डबी कागदात गुंडाळून ठेवली होती. कवच काढलं, तार उपटली, पट्टी कापली. दुपार असली तरी गाडीच्या पोटात अंधार होता, आणि खिडकीकडे तिचीच पाठ होती.

"टॉर्च देऊ?" बारक्याने विचारलं, आणि तिने हो म्हणायच्या आतच भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला टॉर्च काढला.

त्याने उजेड आत पाडला. उजेड तारांवर आला, तिच्या बोटांवर आला, बाकावर गेला, परत आला, भिंतीवर गेला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं तरी तो हलतच होता. उजेड येईल तेवढ्यात एक तार खोचायची, जाईल तेव्हा थांबायचं, असं करत ताई काम करत राहिली. तिला नीट दिसत नव्हतं, आणि ते सगळंच काही टॉर्चमुळे नव्हतं.

"म्हण ना," बारक्या हळूच म्हणाला.

"काय?"

"नेहमी म्हणायचीस ते."

तिने मान वर केली नाही.

"नीट धर," ती म्हणाली.

"धरतोय ना," तो म्हणाला.